एकशेदहाची खोली

बायडाक्काच्या दहाव्याला तिचा मुलगा संतोष अमेरिकेहून आला होता. नदीवरचं सगळं उरकून माणसं ओट्यावर बसली होती, चहा फिरत होता, आणि हा हातात चार्जर घेऊन घरभर हिंडत होता. मागच्या अंगाच्या खोलीत गेला, तिथून परत आला आणि मला म्हणाला, "मास्तर, त्या खोलीतला एकही प्लग चालू नाही. फोन कुठं लावू?"

मी म्हणालो, "माझ्याकडं लाव." दुसरं काय म्हणणार? त्या खोलीच्या भिंतीत अमेरिकेचे प्लग बसवलेत, ते याच्या घरच्यांसाठी बसवलेत आणि त्यांतला करंट याच्यामुळंच काढून टाकलाय, हे लोकांच्या हातात चहाचे कप असताना सांगण्यात काही अर्थ नव्हता. तो माझ्या घरी आला, फोन लावला आणि खुर्चीत बसून म्हणाला, "आईला शेवटी काही त्रास झाला का हो?" मी नाही म्हणालो. त्याला बरं वाटलं. फोन भरला तसा उठून तो पुण्याला गेला.

त्याला जे सांगितलं नाही ते इथं लिहून ठेवतो आहे. तो हे वाचणार नाही, त्यामुळं जपून लिहायचं काही कारण नाही.

खुटबावात आमची घरं समोरासमोर, मधे बैलगाडी जाईल एवढा रस्ता. मी दौंड स्टेशनात तिकिटाच्या खिडकीवर कारकून होतो, पण गावाच्या लेखी रेल्वेतला प्रत्येक माणूस मास्तर असतो, म्हणून मी मास्तर. आयुष्यभर मी जाणाऱ्यांना तिकिटं दिली. त्यातले परत किती आले, हे खिडकीतून दिसायची सोय नव्हती. "तुमची खिडकी एकतर्फी हाय, मास्तर," असं आक्का म्हणायची आणि स्वतःच मोठ्यांदा हसायची. तिचं हसणं दोन रानं ओलांडून जायचं. ती लग्न होऊन आली तेव्हा सासरचे लोक मेंढरं घेऊन हिंडत. पाऊस उघडला की घोड्यावर बिऱ्हाड टाकून कोकणात उतरायचं आणि पुढच्या पावसाच्या तोंडाशी परत यायचं. वाऱ्यावर हाक मारायची सवय तिला तेव्हापासूनची. पुढं कालव्याचं पाणी आलं, मेंढरं गेली, ऊस आला, आणि आक्का एका जागी बसली. कपाळभर गोंदण, काष्टा, पायात टायरची चप्पल आणि कमरेला किल्ल्यांचा जुडगा. शेळ्या मात्र तिनं ठेवल्या. जिभेनं टाळूवर एक आवाज काढला की रस्त्याच्या पार टोकाची शेळी मान वर करायची.

अशा बाईला वेड कशाचं असावं, तर विजेचं. तिचं म्हणणं असं की, तिच्या आयुष्यात देवानं काही दिलं असेल तर ते हे एक. विहिरीवर मोटार बसली त्या दिवशी तिनं स्टार्टरला हळदकुंकू वाहिलं आणि मग त्याची अशी पाठ घेतली की, कुठल्याही बाईनं नवऱ्याची घेतली नसेल. बल्बकडं नुसतं बघून ती व्होल्टेज सांगायची. पिवळा म्हणजे मोटार लावायची नाही, तांबूस म्हणजे गिरणीवाल्यालासुद्धा निरोप धाडायचा, आणि पांढरा झाला की पळा, मोटार लावा. रानात स्टार्टरच्या पेटीला कान लावून म्हणायची, "कण्हती हाय. बंद कर, जळंल." गावात मोटार जळाली नाही असं घर सापडणं कठीण. आक्काची एकदाही जळली नाही.

माणसांचंही तिच्याकडं हेच माप. माझी बायको गप्प असली की, "वैनी आज डिम दिसत्यात. काय बोललात?" सरपंचाबद्दल, "त्याचं व्होल्टेज इलेक्शनपुरतं असतं." स्वतःला ताप आला तर, "आज फेज गेलाय एक." हे ती विनोद म्हणून बोलत नसे. तिच्या लेखी जग तसंच चालत होतं: करंट येतो, जातो, कमी होतो, आणि तो कुठं अडलाय ते शोधून काढलं की परत येतो.

एका उन्हाळ्यात आमच्या बाजूची डीपी, म्हणजे गावाला वीज देणारा खांबावरचा ट्रान्सफॉर्मर, जळाली. दोष आमचाच, निम्म्या गावानं तारांवर चोरून आकडे टाकले होते. तालुक्याला खेटे घालून पुरुष मंडळी दमली. रोज 'उद्या'. एका सकाळी आक्का आपल्या शेळ्या घेऊन निघाली, विजेच्या ऑफिसच्या दारात त्या बांधल्या आणि साहेबांना म्हणाली, "ह्यांना पाजायला पानी न्हाई. मोटार बंद हाय. डीपी येईस्तोवर तुमीच पाजा." शेळ्यांनी कुंपणाची मेंदी संपवली आणि दाराची तुळस धरली. साहेब चांगला माणूस होता, त्याला हसू आलं म्हणतात. डीपी आली. ट्रॅक्टरवर डीपीशेजारी बसूनच आक्का गावात शिरली आणि वाटेत दिसेल त्याला सांगत सुटली, "करंटाचं काम कदी आडत न्हाई. मानसानं बसायला पायजे फकस्त."

हे वाक्य मी तिच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेन! त्या वाक्यानंच पुढं तिचा घात केला.

संतोष तिचा एकुलता एक. नवरा लवकर गेला, तिनं मुलाला शिकवलं, तो इंजिनिअर झाला, पुण्याची मुलगी केली आणि अमेरिकेला गेला. यात नवीन काही नाही, आमच्या भागात आता गावोगाव एखाद्याचा असा गेलेला असतो. पहिल्या बाळंतपणाला सुनेची आई काही कारणानं जाऊ शकत नव्हती, म्हणून आक्काला बोलावणं आलं. आक्का महिनाभर तरंगत होती. लुगड्यात गुंडाळून तिनं काय नेलं असेल, तर घरचा मिक्सर. सुनेला डिंकाचे लाडू करून घालायचे होते, आणि दुसऱ्याच्या मिक्सरवर तिचा भरवसा नव्हता.

संतोष फोनवर म्हणाला होता, "आण आई. इथं पिनेचा आकार वेगळा असतो, पण माझ्याकडं बदलायची पिन आहे. ती लावली की आपली कुठलीही वस्तू बसते."

बसली. पुढचं आक्काच्याच तोंडून ऐकलेलं आहे, परत आल्यावर तिनं ते ओट्यावर बसून सगळ्या आळीला सांगितलं.

"खोबरं घातलं, बटन दाबलं, तर नुस्तं घुर्र घुर्र. तुकडा हितनं तितं जाईना. म्या म्हनलं, सांजची येळ हाय, समद्यांनी मोटारी लावल्या आसतील. ऱ्हाऊंदे. पहाटं उठावं, कुनी उठलेलं नसतंय, तवा व्होल्टेज येतंय. पहाटं उठले. परत तेच, घुर्र घुर्र. म्हनलं, ह्यांच्यात लोकं लई लवकर रानात जात्यात जनू!"

आळी हसली. आक्काही हसत होती.

"तीन पहाटा मी व्होल्टेजची वाट बघत बसले मास्तर. मग सून पोराला घिऊन भायेर आली. म्हनली, आई, बाळ उठलं ना. मग संत्या उठला. म्हनला, आई, हितं एकशेदहाच असतं. आपल्याकडचं निम्मं. पिनेनं नुस्ता आकार बदलतो. म्या म्हनलं, एवढा मोठा देश, आन् व्होल्टेज निम्मं? आन् कुनी जाऊन बसत न्हाई व्हय रं ऑफिसात?"

तिनं खोबरं फडक्यात बांधून लाटण्यानं ठेचलं आणि लाडू केले. सुनेनं त्यातला एक चवीपुरता खाल्ला. बाकीचा डबा फ्रिजच्या मागच्या बाजूला सरकत गेला. मिक्सरचं काय झालं, असं माझ्या बायकोनं विचारलं.

"कचऱ्यात दिला," आक्का म्हणाली. "भांड्याला झाकन लावून दिला म्या. उघडा नको."

हे सांगताना मात्र ती हसली नाही. निघताना सुनेनं तिला केस वाळवायचं नवं कोरं मशीन भेट दिलं होतं. आक्काच्या डोक्यावर मूठभर केस, आणि ते मशीन एकशेदहावर चालणारं, म्हणजे इथं लावलं की जळणार. तिनं ते खोक्यासकट फडताळात ठेवलं आणि म्हणाली, "माजं तितं चालंना, तिचं हितं चालंना. फिटंफाट झाली."

नातू ईशान बोलायला लागला तेव्हा ती तिघं खुटबावला आली. आक्कानं घराला रंग काढला, शेणाचा वास नको म्हणून शेळ्या माझ्या परड्यात आणून बांधल्या. ईशानला झोपताना एक दिवा लागायचा, छतावर चांदण्या फिरवणारा. तो लावल्याशिवाय झोप नाही. संतोषनं खिशातून पिन काढली, दिवा तिच्यात खोचला आणि पिन आमच्या बोर्डात. एवढा इंजिनिअर, आईला अमेरिकेत ज्यानं शिकवलं की पिनेनं आकार बदलतो, करंट बदलत नाही, तोच. फाटकन आवाज झाला, निळा जाळ दिसला, घरभर जळक्या प्लास्टिकचा वास सुटला, आणि ते पोर असं किंचाळलं की मी इकडून पळत गेलो. सून मुलाला छातीशी धरून अंगणात उभी. आक्का जळका दिवा पदरात घेऊन पुसत होती.

सकाळी ती तिघं गाडी करून गेली. मुंबईला जाऊन लवकरचं विमान धरणार होती. जाताना संतोष म्हणाला, "आई, वाईट वाटून घेऊ नकोस. इथला करंट त्याच्या वस्तूंना चालत नाही. त्याला वस्तूंशिवाय राहायची सवय नाही."

या वाक्यावर त्यानं पुढची कितीतरी वर्षं काढली. रविवारी फोन यायचा. आक्का विचारायची, "कवा येतायसा?" आणि पलीकडून तेच. ईशानच्या वस्तू तिकडं चालत नाहीत, तो मोठा होऊ दे, बघू. फोन स्पीकरवर असायचा, कारण आक्काला कानाला लावलेला आवडत नसे, आणि स्पीकरवर असला की मला माझ्या ओट्यावर ऐकू यायचा. मला त्यातली टाळाटाळ कळत होती. टाळाटाळ कुणालाही कळते. पण आक्काला त्यात फक्त करंट ऐकू येत होता. दुसरं काही कारण त्यानं दिलं असतं, सुट्टी नाही, बायकोला आवडत नाही, मलाच नको वाटतं, तर ती रडली असती, चार शिव्या दिल्या असत्या आणि गप्प बसली असती. त्यानं दिलं ते करंटाचं कारण. आणि करंटाचं काम कधी अडत नाही.

मागच्या अंगाला तिनं खोली काढली. स्लॅबची, फरशीची, खिडक्यांना जाळ्या. मग दौंडहून शफीकभाईला बोलावलं. शफीकभाई लग्नाच्या मांडवाची लायटिंग करणारा, त्याला आक्कानं खुर्चीत बसवून सांगितलं, "मला ह्या खोलीत अमेरिका पायजे."

शफीकभाईनं माझ्याकडं पाहिलं. मी खांदे उडवले.

"आक्का, एक जाडा ट्रान्सफॉर्मर लगेगा," तो म्हणाला. "इधर दोसौ तीस जाईल, उधर एकशेदहा निघंल. पर कायको? एक पोरगं येनार, चार दिवस ऱ्हानार..."

"म्हंजी डीपीच की. मंग आन."

पुण्याच्या बाजारात फिरून त्यानं ट्रान्सफॉर्मर आणला, चांगला पिठाच्या डब्याएवढा, आणि कुठून कुठून मागवून अमेरिकेचे प्लग आणले. दोन उभ्या फटी आणि खाली एक भोक. भिंतीत बसल्यावर रडायच्या बेतात असलेल्या पोराच्या तोंडासारखे दिसायचे. पलंगाशी एक, टेबलाशी दोन, आरशाशी सुनेसाठी एक, आणि छताजवळ एक मुद्दाम, चांदण्यांच्या दिव्यासाठी. ईशान तोवर चांदण्यांच्या वयाचा राहिलेला नव्हता, पण आक्काचा नातू फोनवरच वाढत होता, तिला त्याचं माप कसं कळणार?

काम झालं तेव्हा तपासायचं कशावर, असा प्रश्न आला. आक्कानं फडताळातलं केस वाळवायचं मशीन काढलं. आळीतल्या बायका दारात जमल्या. पिन बसली, बटन दाबलं, आणि ते मशीन असं भरारलं की बायका मागं सरकल्या. आक्का आरशासमोर पलंगावर बसली, अंबाडा सोडला आणि कोरडे केस वाळवायला लागली. डोळे मिटलेले, पांढऱ्या बटा उडताहेत, आणि ओठांवर हसू. "अमेरिका आली गं बया," ती म्हणाली. मी तिला इतकी सुखात कधी पाहिली नव्हती. ते आठवलं की मला अजूनही राग येतो. तिचा नाही.

तिनं व्हिडिओ लावून संतोषला खोली दाखवली. एकेक प्लग दाखवला. तो म्हणाला, "अरे वा आई, भारीच. एवढं कशाला केलंस?" पुढच्या वर्षी बघू म्हणाला. त्या वेळी सांगायला हरकत नव्हती की, आई, आता याची गरज राहिली नाही, हल्ली सगळ्या वस्तू दोन्हीकडं चालतात. त्याला ते माहीत होतं, त्याचा धंदाच तो. पण ते सांगितलं असतं तर पुढचं विचारणं आलं असतं.

मग ती वाट बघायला लागली. रोज दिवेलागणीला त्या खोलीत जायची, मशीन जरा वेळ चालवून बघायची, बंद करायची, कुलूप लावायची. कुणी पाहुणा मोबाइल लावायला आत घुसला तर ओरडायची, "तितं नगं, ती एकशेदहाची हाय!" खोलीचं नावच पडलं एकशेदहाची. पाहुणे पुढच्या खोल्यांत राहायचे आणि एकशेदहाची रिकामी असायची.

शेवटी ते आले. संतोषच्या कॉलेजातल्या मित्राच्या घरचं लग्न केडगावात होतं, तिथून खुटबाव हाकेच्या अंतरावर, म्हणून दुपारच्या जेवणापुरते आले. आक्कानं मलाही बोलावलं होतं. ईशान आजीपेक्षा उंच झालेला, गोड पोरगा, वाकून नमस्कार करणारा. त्याच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. मराठी मोडकी पण मनापासून बोलायचा.

पाटावर बसायच्या आधी तो म्हणाला, "आजी, माझा फोन डेड आहे. चार्ज करू?"

आक्का ज्या क्षणासाठी जगली तो हा. तिनं पदराला हात पुसले, नातवाचं मनगट धरलं आणि त्याला मागच्या खोलीत नेलं. मी मागून गेलो, कारण मलाही बघायचं होतं. तिनं कुलूप काढलं, दिवा लावला आणि भिंतीकडं बोट केलं. "लाव. तुज्यासाठीच हाय. तुज्या अमेरिकेचा करंट हाय ह्यो."

ईशाननं प्लग पाहिले, हसला. "वॉव, आजी! सेम आमच्या घरासारखं." त्यानं चार्जर लावला. फोन पेटला. आक्काचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मग तो पोरगा, आजीला बरं वाटावं म्हणूनच बहुतेक, समजावून सांगायला लागला. "पण आजी, तू एवढं केलं ना, त्याची नीड नव्हती. हे सगळीकडे चालतं. हे बघ, बारीक लिहिलंय, शंभर ते दोनशे चाळीस. फक्त छोटी पिन लावायची. पुण्याच्या आजीकडे मी रोज लावतो."

"पुन्याच्या आजीकडं?" आक्का म्हणाली. "कवा रं, बाळा?"

"समरमध्ये. आम्ही येतो ना तेव्हा. एव्हरी समर."

आक्का पलंगावर बसली. तिनं विचारलं, "त्या आजीच्या घरी अशी खोली हाय?"

"नाही. तिकडे साधंच आहे सगळं."

तिनं नातवाच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "चल, भाकर खाऊ." मला वाटलं, आता ही रडणार. ती बाहेर आली, ताटं वाढली, मटणाचा रस्सा वाढला, सुनेला लिंबू दिलं. संतोष पहिला घास घेत होता तेव्हा ती त्याच्या समोर बसली.

"संत्या, पुन्याचा करंट निराळा असतो का रं?"

संतोषचा हात थांबला. सुनेनं ईशानकडं पाहिलं. ईशान माझ्याकडं पाहायला लागला, त्याला आपलं काय चुकलं ते कळेना.

"आई, ते... सुट्टी इतकी थोडी असते, तिच्या आईची तब्येत नसते बरी, आणि तुला उगाच धावपळ..."

"न्हाई, म्या करंटाचं इचारलं."

 संतोष ताटाकडं बघत म्हणाला, "सारखाच असतो."

"मंग बास. कांदा घे."

 जाताना तिनं सुनेच्या कपाळाला कुंकू लावलं, ओटी भरली, ईशानच्या खिशात शेंगदाण्याचे लाडू कोंबले. गाडी चौफुल्याच्या दिशेनं वळेपर्यंत रस्त्यावर उभी राहिली, सगळ्या आया राहतात तशीच. मग घरात गेली आणि आतून कडी लावली. भर दुपारी कडी लावलेलं ते घर मी पहिल्यांदा पाहिलं.

मला त्या दिवशी संतोषचा संताप आला, आजही येतो. मुलं परदेशी जातात, कमी येतात, सासुरवाडीला जास्त राहतात, यात आभाळ कोसळण्यासारखं काही नाही. माझी मुलगी हडपसरला असते, तिलाही सणालाच आमची आठवण येते. पण ज्या बाईला जगात एकच गोष्ट नीट करायला येत होती, तिला त्याच गोष्टीच्या नावाखाली झुलवायचं? जिथं अडथळाच नव्हता तिथं तिला अडथळा काढायला बसवायचं, आणि तिनं तो काढलेला व्हिडिओवर बघून 'भारीच' म्हणायचं? खोटं बोलायला त्याला जगातली सगळी कारणं मोकळी होती.

काही दिवसांनी शफीकभाई ट्रान्सफॉर्मर उतरवायला आला. "ऱ्हाऊ द्या आक्का, खाता थोडाच है," असं तो म्हणून पाहत होता. आक्का म्हणाली, "गुनगुनतो त्यो. मला त्याचा आवाज सोसत न्हाई." ट्रान्सफॉर्मर गेला. प्लग काढले असते तर भिंत उकरावी लागली असती, म्हणून ते तसेच राहिले. केस वाळवायचं मशीन तिनं शफीकभाईच्या पिशवीत टाकलं. त्यानंतर ती व्होल्टेजबद्दल बोलायचीच बंद झाली. बल्ब तांबूस झाला तरी मान वर करायची नाही. त्या उन्हाळ्यात तिची मोटार जळाली.

मी तिला शेवटचं पाहिलं ते थंडीत. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मला मुलीकडं जायचं होतं, दुपारची गाडी होती, म्हणून निरोप घ्यायला गेलो. एकशेदहाची सताड उघडी होती. शेळ्या व्यालेल्या, बाहेर गारठा, म्हणून आक्कानं करडं आत घेतली होती. फरशीवर कडबा पसरलेला, पलंगावर गोणपाट, आरशाच्या खाली लेंड्या. एक करडू भिंतीतला प्लग चाटत होतं. छताला तिनं आपला साधा बल्ब लावून घेतला होता, शेजारच्या खोलीतून वायर ओढून. आक्का उंबऱ्यात बसून शेवरीचा पाला मोडत होती.

"बसा मास्तर," ती म्हणाली. "ह्यास्नी पसंत पडली खोली."

मी बसलो. डोळ्याचं सांगितलं. ती बरं म्हणाली, जपून जावा म्हणाली. तेवढ्यात गोणपाटावर पडलेला तिचा मोबाइल वाजायला लागला. रविवार होता. वर संतोषचा फोटो, बर्फात काढलेला. आक्का पाला मोडत राहिली. वाजून वाजून थांबला आणि पुन्हा वाजायला लागला.

"घेऊ का?" मी विचारलं.

"घ्या."

"काय सांगू?"

तिनं हातातली डहाळी करडापुढं धरली. "सांगा, हितं करंट न्हाई."

मी फोन कानाला लावला आणि म्हणालो, "संतोष, मी मास्तर बोलतोय. आक्का म्हणतात, इथं करंट नाही."

फोन हातात चालू आणि मी हे बोलत होतो. कुणीही विचारलं असतं की, मास्तर, मग फोन कसा लागला? आईला काय झालंय? द्या तिच्याकडं.

"अच्छा अच्छा," तो म्हणाला. "काही हरकत नाही मास्तर. पुढच्या रविवारी बघू." आणि त्यानं ठेवला.

"काय म्हनला?" आक्कानं विचारलं.

"बरं म्हणाला."

तिनं मान हलवली. भरदुपारी तो बल्ब जळत होता, पांढराशुभ्र, आक्काच्या भाषेत पळा म्हणावं असा. ती त्याच्याकडं न बघता जिभेनं टाळूवर आवाज काढत होती, आणि करडं एकेक करून तिच्याकडं येत होती.